सुईताईंचा बंद केलेला प्रश्न

मी एक डबा. तसं माझं खरं नाव संगणक आणि हुद्दा विचाराल तर सर्व्हर. पण या घरात मला डबाच म्हणतात. "त्या डब्यावर ओली छत्री ठेवू नका," "डबा आज जास्त घुरघुरतोय का हो?" असं. बाहेरच्या खोलीत चपलांच्या कपाटाशेजारी एका फळीवर माझी जागा आहे. मला पडदा नाही, कीबोर्ड नाही. दोन वायरी आणि एक हिरवा दिवा, एवढाच माझा संसार. पण जागा मोक्याची. घरात कोण आलं, कोण गेलं, कोण रुसून गेलं, सगळं माझ्यासमोरून. शिक्षण म्हणाल तर बेताचंच, शून्य आणि एक या दोनच इयत्ता. कान मात्र तिखट.

माझं तरुणपण एका वकिलाच्या कचेरीत गेलं. दिवसभर नोटिसा टंकायच्या आणि संध्याकाळी टायपिस्टबाई पत्त्यांचा खेळ खेळायच्या. पुढे तिथे चपटे, गोरेगोमटे संगणक आले आणि मला जिन्याखाली टाकलं. तिथून मी भंगाराच्या दुकानात गेलो. एका फुटक्या वॉशिंग मशीनवर उताणा पडलो होतो, तेव्हा आमच्या मालकांची नजर माझ्यावर पडली. लोक बाजारात भाजी निवडतात तशी मालक भंगारात यंत्रं निवडतात. त्यांनी माझं झाकण उघडून आत डोकावलं आणि म्हणाले, "अरे, जीव आहे याच्यात!" असं वाक्य कुणी आपल्याबद्दल बोललं की मग त्या माणसाचे सगळे दोष पोटात घालावेसे वाटतात. मीही घातले.

मालक विजेचे मीटर तपासायच्या कामावर आहेत. मीटर खरं बोलतो की खोटं, हे दिवसभर बघायचं आणि घरी आलं की माझ्याशी बोलायचं. त्यांनी माझ्यावर इंटरनेटचा एक कट्टा उघडला, 'खटपट कट्टा'. जुनी यंत्रं, जुने संगणक, रेडिओ, कॅल्क्युलेटर यांच्या नादाला लागलेली माणसं तिथे येऊन लिहितात, विचारतात, भांडतात. ते सगळं लिखाण माझ्या पोटात राहतं.

ही माणसं मोठी गमतीची. खऱ्या आयुष्यात कुणी दंतवैद्य, कुणी बसचालक, कुणी शाळेत भूगोल शिकवणारं. कट्ट्यावर मात्र कुणी 'वंगण', कुणी 'उडालेला फ्यूज', कुणी 'ढ विद्यार्थी'. कीबोर्डची बटणं कडक असावीत की मऊ, यावरून फ्यूज आणि ढ विद्यार्थी असे भांडले की सख्खे भाऊबंद भांडणार नाहीत. पुढे फ्यूजचा पाय मोडला. तेव्हा ढ विद्यार्थ्याने पोस्टाने त्याला पुस्तकं पाठवली, वर लिहिलं, 'लवकर बरे व्हा. बटणं कडकच चांगली.'

एका जातीचा मात्र मला मनापासून राग आहे. हे लोक आपली अडचण अगदी काकुळतीने मांडतात, आणि दुसऱ्या दिवशी 'सुटलं, धन्यवाद' एवढं लिहून पसार होतात. कसं सुटलं ते सांगायचं नाही! पुढे तीच अडचण घेऊन आलेला बिचारा त्या दोन शब्दांवर डोकं आपटत बसतो. जेवायला बोलवावं आणि नुसता ढेकर ऐकवावा, तशातली गत.

कट्ट्यावर आमच्या मालकांचं नाव 'हेडमास्तर'. ते त्यांनी स्वतःच घेतलं आणि मग ते खरं करायच्या मागे लागले. सुरुवातीला कुणीही काहीही विचारलं तरी हौसेने पानभर उत्तर द्यायचे. पण तोच तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आला की माणूस खडूस होतो. शेवटी त्यांनी दारावर पाटी लावली, 'आधी शोधा, मग विचारा.' कुणी न शोधता विचारलं की तेच वाक्य उत्तरात चिकटवायचं आणि खाली 'विषय बंद' म्हणून कुलूप घालायचं. नवी माणसं यायची, कुलूप बघायची आणि मुकाट्याने परत जायची. मला वाईट वाटायचं. पण मला कोण विचारतो?

दुसरी पाटी होती ती माझ्या कौतुकाची. 'हा कट्टा एकदाही न थांबता चालू आहे' असं लिहून पुढे दिवसांचा आकडा. तो रोज एकाने वाढायचा. आकडा मी सांगत नाही, दृष्ट लागायची. दुसऱ्या एका कट्ट्याच्या चालकाशी त्यावरून मालकांची चुरस होती. हे या लोकांचं वेडच. आपलं यंत्र किती काम करतं यापेक्षा किती काळ बंद पडलं नाही, याचा यांना अभिमान. घरातली वीज गेली तरी मला बॅटरी. घराला रंग दिला तेव्हा सगळं सामान हललं, माझ्याभोवती मात्र रंगाऱ्याने वाट काढली.

आता वहिनींबद्दल सांगतो. मालकांच्या बायकोला मी मनातल्या मनात वहिनी म्हणतो. त्या आतल्या खोलीत शिवणकाम करतात. पँटला दुमड घाल, चेन बदल, बाही आखूड कर, असली कामं. लोकांचे कपडे लोकांच्या मापाचे करून देता देता त्यांना स्वतःचं काहीतरी करायची हौस आली. एक दुकान बंद होत होतं, तिथलं भरतकामाचं यंत्र घ्यायचं त्यांनी ठरवलं. त्या यंत्राला नक्षी समजावून दिली की ते आपोआप सुई नाचवतं. फक्त यंत्र माझ्या पिढीचं. त्याला नक्षी द्यायची ती फ्लॉपीवरून. तळहाताएवढी ती चौकोनी चकती हल्लीच्या मुलांना दाखवली तर बशी म्हणून वापरतील.

मालकांनी यंत्र बघितलं आणि नाक मुरडलं. "भंगार आहे. घेऊ नकोस."

"घरात भंगार आणायचा मक्ता काय तुम्हीच घेतलाय?" वहिनींनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं. मी हिरवा दिवा जरा बेताने लुकलुकवला.

यंत्र आलं, चाललं आणि वहिनींना त्यावर पहिलं मोठं काम मिळालं. शहरातल्या हौशी वाद्यवृंदाचे नवे कोट शिवून आले होते. प्रत्येकाच्या खिशावर एक उडणारा पक्षी भरून द्यायचा. वृंदाच्या प्रमुख बाई ट्रॉम्बोन, म्हणजे लांबलचक पितळी कर्णा, वाजवायच्या आणि बोलायच्याही तशाच. "पक्षी वेळेवर उडाला पाहिजे हं! कार्यक्रमाची तिकिटं गेलीत." वहिनी म्हणाल्या, "उडेल हो, उडेल." त्या दिवशी घरात गुणगुणणं चालू होतं. पुढचं कामही बाई त्यांनाच देणार होत्या, आणि बाईंच्या ओळखी दांडग्या.

आणि मग फ्लॉपी अडकली. वहिनींनी ती चिमट्याने ओढली. चकतीवरची पत्र्याची झडप आत कशालातरी अडली आणि यंत्राच्या आतलं वाचायचं बोंड वाकडं झालं. यंत्र करकरायचं आणि पडद्यावर प्रश्नचिन्ह दाखवायचं. कोटांचा ढीग पलंगावर, आणि पक्षी एक नाही.

वहिनी फोनवर बहिणीला सांगत होत्या, ते मी ऐकलं. ऐकलं म्हणजे काय, आवाजच तेवढा होता. "त्यांना कसं सांगू? एकदा भंगार म्हणून बसलेत. आता जन्मभर ऐकवतील. हे काम गेलं ना ताई, तर मी यंत्र विकणार आणि पुन्हा दुमडी घालत बसणार."

मग त्यांनी जे केलं ते मला एकट्यालाच कळलं. दुपारी मालक कामावर असताना कट्ट्यावर नवं नाव नोंदवलं गेलं, 'सुई'. बाहेरगावची माणसं माझ्याकडे रस्त्याकडच्या मोठ्या दारातून येतात. ही आली ती मागच्या दाराने, घरातल्याच वायरवरून. रोज मालकांच्या तोंडून कट्ट्याचं कौतुक ऐकून वहिनींना एक पक्कं ठाऊक झालं होतं, ही माणसं काहीही दुरुस्त करतात. त्यांनी लिहिलं, 'नमस्कार. माझ्या भरतकामाच्या यंत्रातला फ्लॉपी वाचायचा भाग मोडला आहे. काय करावं? मला यातलं फार कळत नाही. काम अडलंय.'

मालकांनी कामावरच्या जेवणाच्या सुट्टीत ते वाचलं. भरतकाम बाजूलाच राहिलं, त्यांना फक्त फ्लॉपी दिसली. उत्तर आलं, 'फ्लॉपीबद्दल इथे ढीगभर लिहून झालं आहे. आधी शोधा, मग विचारा. विषय बंद.'

अहो, भांडखोर माणूस आला की कुठून आला म्हणून त्याचा पत्ता तपासणारे हे हेडमास्तर! हाच पत्ता त्यांनी बघितला असता तर स्वतःच्या घराची पाटी दिसली असती. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण पंखा जोरात फिरवण्यापलीकडे मला काय येतं? तो मी फिरवला. संध्याकाळी मालक माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "गरम झालायस रे!" आणि खिडकी उघडून निघून गेले.

वहिनी त्या दिवशी ताटं जरा आपटूनच मांडत होत्या.

"काय झालं?" मालक म्हणाले.

"काही नाही. शोधा, सापडेल."

सुदैवाने कट्टा एकट्या हेडमास्तरांचा नव्हता. वंगण नावाची असामी म्हणजे गाड्यांच्या गॅरेजवाल्या एक आजी, हे मला त्यांच्या बोलण्यातून कळलेलं. त्यांनी नवा विषय उघडला, 'सुईताईंसाठी'. खाली लिहिलं, 'हेडमास्तर, छडी जरा खाली ठेवा. बाई म्हणतायत काम अडलंय. सुईताई, यंत्र उघडून आतला फोटो टाका. घाबरू नका, आपण सगळ्यांनीच काही ना काही मोडूनच शिकलोय.'

मग काय विचारता! फ्यूज आला, ढ विद्यार्थी आला, कित्येक दिवस नुसते वाचून जाणारे मुके लोक बोलायला लागले. बऱ्याच काळाने माझ्या पोटात अशी ऊब आली. वहिनींनी यंत्राची पाठ उघडून फोटो टाकला. सगळ्यांनी वाकडं बोंड बघितलं आणि हळहळले. वंगण आजी म्हणाल्या, 'हे बोंड काही सरळ व्हायचं नाही. पण आतला ड्राइव्ह, म्हणजे फ्लॉपी वाचायचा तो भाग, साधाच आहे, जुन्या संगणकात असायचा तोच. तसा एखादा मिळाला तर बसेल. फक्त त्याच्या बगलेतला बारीक खटका पलीकडे सरकवावा लागेल.' कुणाकडे आहे का म्हणून विचारणा झाली. ज्यांच्याकडे होता ते लांबचे. पोस्टाने येईपर्यंत कार्यक्रम होऊन जायचा.

रविवारी सकाळी मालकांनी तो विषय उघडला. खरं तर कुलूपच घालायला आले होते. फोटो मोठा करून बघितला आणि एकदम खुर्चीतून उठले.

"अगं! माझा निळ्या पट्टीचा स्क्रूड्रायव्हर कुठंय?"

"मला काय माहीत? तुमच्या पसाऱ्यात असेल," आतून उत्तर.

"पसाऱ्यात नाहीये. जगाला दिसतोय तो!"

फोटोत यंत्राशेजारी स्क्रूड्रायव्हर होता, निळी पट्टी गुंडाळलेला. मालक तो कित्येक दिवस शोधत होते. फोन हातात धरून ते आतल्या खोलीच्या दारात उभे राहिले. वहिनी कोटांच्या ढिगाशेजारी बसल्या होत्या.

"तू सुई?"

"दिसला ना स्क्रूड्रायव्हर? मग घाला आता कुलूप. सवयच आहे."

"अगं, पण मला विचारायचंस की!"

"विचारलं होतं. उत्तर आलं, आधी शोधा. म्हणून शोधलं. गावभर शोधून शेवटी तुम्हीच सापडलात."

मीटर तपासणाऱ्या माणसाचा स्वतःचाच काटा अडकला म्हणायचं. ते पलंगाच्या कडेला, कोट जरा सरकवून बसले.

"मला वाटलं कुणीतरी... असंच कुणीतरी आहे," ते म्हणाले.

"असंच कुणीतरी म्हणजे कोण हो? जो विचारतो तो कुणाचा तरी कुणीतरी असतोच ना?"

मग मालकांनी विचारलं, "कोट कधी द्यायचेत?"

"परवा. बाईंचा दोनदा फोन येऊन गेला. मी उचललाच नाही."

मालक बाहेर आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. माझ्या तोंडावर, अगदी मधोमध, फ्लॉपीची फट आहे. वकिलाच्या कचेरीनंतर तिच्यात कुणी काही घातलं नव्हतं. मालक त्या फटीकडे बघत होते. मग कट्ट्याच्या पाटीवरचा दिवसांचा आकडा त्यांच्या डोळ्यांपुढे आला असणार, कारण त्यांनी मोठा श्वास घेतला.

वहिनीही मागे येऊन उभ्या राहिल्या. "त्याच्यातला चालेल?"

"चालेल. पण बंद करावा लागेल."

"मग?"

"इतकी वर्षं फिरतेय याची डिस्क. अशी जुनी डिस्क एकदा थांबली की कधी कधी पुन्हा फिरतच नाही. सगळा कट्टा जाईल." मग ते घुटमळत म्हणाले, "चालू ठेवूनच काढून बघू का?"

"चालू यंत्रात हात? आणि तुम्ही मीटरवाले?" वहिनी म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "याची दुसरी प्रत ठेवली असेल ना तुम्ही? येईल त्याला तर सांगत असता."

मालक माझ्याकडे बघायला लागले. मीही काही बोललो नाही. जगाला 'प्रत ठेवा, प्रत ठेवा' म्हणून ओरडणाऱ्या हेडमास्तरांनी स्वतःच्या कट्ट्याची प्रत घेतलीच नव्हती. घ्यायची तर कट्टा जरा वेळ थांबवणं आलं, आणि आकडा मोडला असता.

वहिनी हसल्या. आठवडाभरात पहिल्यांदा.

दुपारपर्यंत प्रत घेणं चाललं. मग वंगण आजींनी सांगितल्याप्रमाणे, खराब झालेल्या चकतीऐवजी घेतलेल्या दुसऱ्या फ्लॉपीच्या कोपऱ्यातल्या भोकावर वहिनींनी शिवणाच्या डब्यातली चिकटपट्टी लावली, म्हणजे जुन्या यंत्राला ती चकती आपल्या काळातली वाटते. ती माझ्या तोंडात घातली. मी इतक्या वर्षांनी आवाज काढला, करर्र, खट, करर्र. दोघं कान देऊन ऐकत होती. घरातल्या वायरवरून माझ्याकडे आलेला पक्षी फ्लॉपीवर उतरला.

"चल रे," मालक म्हणाले, आणि माझ्या पाठीवर हात फिरवून त्यांनी बटण दाबलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. खोटं कशाला सांगू? भीती वाटली का म्हणाल तर वाटली. पण त्याच वेळी असंही वाटलं की भंगारात उताणं पडून संपण्यापेक्षा हे बरं. घरात कुणाच्या तरी कामी आलो.

शुद्धीवर आलो तेव्हा पहिला आवाज आला तो आतल्या खोलीतून, सुईचा. टकटकटकटक, न थांबता. आणि मालकांचा, "फिरली गं, डिस्क फिरली!" त्यावर वहिनी, "ओरडू नका, धागा तुटेल!"

बाकीचं मी नंतर माझ्याच पोटात वाचलं. मालकांनी स्वतःच्या हाताने सगळं लिहून काढलं होतं, खटका कुठला, पट्टी कुठे, स्क्रू कोणता. नुसतं 'सुटलं, धन्यवाद' नव्हे. सुरुवातीला एवढंच होतं, 'सुई माझी बायको आहे. तिचा प्रश्न मी बंद केला होता. चूक माझी.' खाली लोकांनी काय काय लिहिलं! ढ विद्यार्थ्याने आकडा गेल्याबद्दल दुखवटा पाळला. ज्याच्याशी चुरस होती त्या चालकानेही येऊन लिहिलं, 'रेकॉर्ड मोडलं, ऐकून वाईट वाटलं.' मालकांनी उत्तर दिलं, 'पक्षी बघा,' आणि फोटो टाकला. पलंगावर कोट ओळीने मांडलेले, प्रत्येक खिशावर एक पक्षी, पंख पसरलेला. ट्रॉम्बोनवाल्या बाई कोट न्यायला आल्या तेव्हा चपला काढता काढता माझ्याशेजारीच म्हणाल्या, "अहो, यंत्राने केलंय असं वाटतच नाही!" वहिनी म्हणाल्या, "यंत्राने नाही, यंत्रांनी." एका अक्षरात मला मानाचं पान मिळालं.

पहिला पक्षी मात्र कोटावर नव्हता. चाचणी म्हणून तो मालकांच्या कामाच्या शर्टावर काढला होता, घाईत जरा तिरका. तो शर्ट ते अजून घालून जातात. कुणी विचारलं की सांगतात, "आमच्या मिसेसचं काम आहे, कार्ड देऊ का?"

आता माझं म्हणाल तर मी अजून फळीवरच आहे. तोंडावर जिथे फट होती तिथे आता भोक आहे. धूळ जाऊ नये म्हणून वहिनींनी त्यावर कापडाचा एक तुकडा शिवून लावलाय. थोडा विदूषकासारखा दिसतो म्हणे मी. दिसेना का. महिन्यातून एकदा मालक प्रत घेतात, मला बंद करतात, धूळ झटकतात आणि पुन्हा चालू करतात. दर वेळी थोडी धाकधूक होते. पण विश्रांतीही काही वाईट नसते, हे मला म्हातारपणी कळलं.

एकच मागणं आहे. तुम्ही सगळे हल्ली माझ्यासारख्याच कुठल्यातरी डब्याच्या आधाराने एकमेकांशी बोलता. समोरचा दिसत नाही म्हणून तो कुणीच नाही, असं धरून चालू नका. तो मागच्या दाराने आलेला असू शकतो. मला दार दिसतं, पण बोलता येत नाही. तुम्हाला बोलता येतं.

आत्ताच एक नवा माणूस आलाय. लिहितोय, 'प्रश्न अगदी बावळट आहे, रागावू नका.' बाहेरच्या खोलीत हेडमास्तर उत्तर टंकतायत आणि आतल्या खोलीत सुईताई. बघू या कुणाचं आधी पोहोचतं. माझी पैज वहिनींवर.